सहसंबंध 0.85 आला, म्हणजे कारण सापडलं का?

तुमचा प्रश्न असा: दोनशे शाखांच्या तीन वर्षांच्या आकड्यांत जाहिरातखर्च आणि विक्री यांचा सहसंबंध (दोन आकडे किती प्रमाणात एकत्र वर-खाली होतात याचं माप, जास्तीत जास्त 1) 0.85 आला, तर ‘जाहिरातीमुळे विक्री वाढली’ असं अहवालात लिहू का? नका लिहू. रकान्यांची अदलाबदल केलीत तरी गुणांक 0.85च येईल. विक्री चांगली होती म्हणून त्या शाखेला जाहिरातीचे पैसे जास्त मिळाले, हेही त्यात बसतं. शिवाय दोन्ही आकडे वर्षानुवर्षं चढते असले की गुणांक आपसूक फुगतो. तो चढ वगळायला प्रत्येक शाखेसाठी या महिन्याच्या आकड्यातून मागच्या महिन्याचा वजा करा आणि त्या फरकांचा सहसंबंध काढून बघा.

‘डेटा भरपूर आहे, त्यामुळे अडचण नसावी’ हे तुमचं वाक्य मात्र मला साफ अमान्य आहे. रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक उपचारांचं उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या पाहणीचे निष्कर्ष 1991 साली आले. 48,470 स्त्रिया, दहा वर्षांचा पाठपुरावा, वय आणि धूम्रपान हिशेबात धरलेलं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घेणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका जवळपास निम्मा. पुढे 16,608 स्त्रियांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून एका गटाला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. 2002 मध्ये ही चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली: औषध घेणाऱ्या गटात हृदयविकार 29 टक्के जास्त, पक्षाघात 41 टक्के जास्त.

पाहणी कुठे चुकली? एक तर गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया मुळातच तब्येतीला जपणाऱ्या होत्या. दुसरं, प्रश्नावली दर दोन वर्षांनी भरली जाई, त्यामुळे गोळ्या सुरू करून लगेच झटका आलेली स्त्री ‘न घेणाऱ्यां’त मोजली जाण्याची शक्यता होती. अशी चूक लाखभर नोंदी जमवूनही सुटत नाही. उलट चुकीचं उत्तर जास्त खात्रीचं वाटू लागतं.

म्हणून चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाखा निवडा, तिथेच आठ आठवडे खर्च वाढवा आणि दोन्ही गटांच्या विक्रीतली वाढ ताडून बघा. ते जमणार नसेल आणि रिग्रेशनच (अनेक घटकांचा परिणाम एकाच समीकरणात वेगवेगळा मोजणं) करायचं असेल, तर दिसेल तो घटक आत कोंबू नका. शाखेत येणाऱ्या ग्राहकांची संख्या घातलीत तर जाहिरातीचा परिणाम पुसला जाईल, कारण तो त्या वाटेनेच येतो.

प्रयोगाशिवाय कारण ठरतच नाही, असंही मी म्हणत नाही. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग या दोन्हींमागे एखादा लपलेला जनुकीय घटक असेल, हा आक्षेप संख्याशास्त्रज्ञ कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी 1959 मध्ये साध्या गणिताने खोडला: फुप्फुसाच्या कर्करोगाचा नऊपट धोका एकट्या त्या घटकाने समजावायचा, तर तो धूम्रपान करणाऱ्यांत न करणाऱ्यांच्या निदान नऊपट आढळायला हवा. तुमच्या 0.85 मागे कोणता घटक लपला असू शकतो आणि तो किती मोठा असावा लागेल, हा हिशेब अहवालाआधी मांडा.