उत्तर: फेथॉनचा इराणी जोडीदार हवा असेल तर शाहनामा नको, झम्याद यश्त उघडा

ग्रीक पुराणांत फेथॉन, इकारस अशी उतावळी पोरं आहेत, तसं जरथुष्ट्री परंपरेत कोण, असं तुम्ही विचारलंय. ज्याला विचारावं तो शाहनामा या फारसी महाकाव्यातल्या कैकाऊस राजाचं नाव सांगतो आणि ग्रंथालयात 'असं पुस्तक नाही' म्हणतात, असंही लिहिलंय. मी याच भानगडीतून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. मला अवेस्तन, म्हणजे अवेस्ता या जरथुष्ट्री धर्मग्रंथाची भाषा येत नाही, सगळं वाचन भाषांतरांतून आहे, तेवढं धरून चला. फेथॉन आणि इकारसच्या गोष्टी तुम्हाला माहीत असणारच, आठवणीपुरतं एवढंच: फेथॉन बापाचा, म्हणजे सूर्याचा, रथ हाकायला गेला आणि मेला; इकारस मेणाने जोडलेले पंख लावून सूर्याच्या फार जवळ उडाला आणि समुद्रात पडला.

कैकाऊसला आधी बाजूला ठेवा. तो चांगला गादीवर बसलेला राजा आहे. सिंहासनाला गरुड बांधून, भाल्यांच्या टोकांना मांस लावून आकाशात जातो आणि आमूलजवळच्या रानात कोसळतो. पण वाचतो, पस्तावतो आणि पुन्हा राज्यही करतो. यात अविचार भरपूर आहे, पोरवय मात्र कुठेच नाही.

तुम्हाला हवा आहे तो स्नाविधक. झम्याद यश्त म्हणजे अवेस्तातला १९ वा यश्त (यश्त म्हणजे स्तोत्र), त्यातली ४३ आणि ४४ ही कडवी. शिंगं असलेला, दगडी हातांचा हा पोर सगळ्यांसमोर म्हणतो: मी अजून वयात आलेलो नाही, आलो की पृथ्वीचं चाक करीन आणि आकाशाचा रथ. स्पेंत मैन्यूला (चांगल्या शक्तीला) स्वर्गातून खाली ओढीन, अंग्र मैन्यूला (वाईट शक्तीला) नरकातून वर काढीन आणि दोघांनाही माझ्या रथाला जुंपीन. वीर केरेसास्पाने त्याआधी मला मारलं नाही तर! आणि केरेसास्प त्याला मारतो. संपलं. अख्खी गोष्ट दोन कडव्यांत.

ही दोन कडवी मिळवण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका ग्रंथालयाने. नाव घेत नाही. यश्तांचं भाषांतर ज्यात आहे त्या 'सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट' या मालेचे ५० खंड तिथे होते, पण सूचीत सगळे एकाच नावावर, मालेचे संपादक मॅक्स म्युलर यांच्या. अवेस्ता शोधा, यश्त शोधा, भाषांतरकार डार्मस्टेटर शोधा, काही म्हणजे काही निघायचं नाही. काउंटरवर उत्तर ठरलेलं: संगणकात नाही म्हणजे नाही. कपाटापाशी जायचं तर विभागप्रमुखाचं पत्र आणा. मी कुठल्याच विभागाचा विद्यार्थी नव्हतो, मला पत्र देणार कोण? लेखी अर्ज केला, तर 'खंड क्रमांक नमूद करावा' असा शेरा मारून परत. अहो, खंड क्रमांक ठाऊक असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? वाचणारा माणूस दारात उभा आहे, पुस्तक आत धूळ खातंय आणि मधे एक चुकीची नोंद, जी दुरुस्त करायला कुणी तयार नाही. याचा मला अजूनही संताप येतो.

तुम्ही चिठ्ठीवर सरळ लिहा: मॅक्स म्युलर, खंड २३, १८८३. हा खंड आता हक्कमुक्त आहे आणि इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतो. मुंबईत असाल तर के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्येही चौकशी करा, इराणी विषयांसाठी तीच जागा.

आता तुलनेचं. माझं मत जरा ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. रथ दिसला की फेथॉन आठवतो खरा, पण स्नाविधकाचे खरे भाऊ आहेत ओटस आणि एफिआल्टीस. होमरच्या ओडिसी या महाकाव्याच्या ११ व्या सर्गात ते येतात: नऊ वर्षांचे, तेवढ्यात नऊ हात रुंद आणि नऊ पुरुष उंच. ऑलिम्पसवर ओसा, ओसावर पेलियन असे डोंगर रचून आकाशावर चढायची धमकी देतात. गालांवर लव फुटायच्या आत अपोलो दोघांना मारतो. आणि कवी स्वतः सांगतो की वयात आले असते तर त्यांनी ते करून दाखवलं असतं! फेथॉनला बापाचं नाव सिद्ध करायचं होतं, इकारसने बापाचं ऐकलं नाही. या दोघांना देवांचं राज्य उलथायचं नव्हतं. ओटस-एफिआल्टीस आणि स्नाविधक यांना तेच करायचं होतं, आणि तिघेही मोठे होण्याआधीच मेले.

फरक आहे तो गुन्ह्यात. ग्रीक पोरांना वर चढायचंय. स्नाविधकाला चांगल्या आणि वाईट शक्तीला एकाच जुवाखाली आणायचंय. ज्या धर्माचा सगळा डोलारा त्या दोघांच्या वेगळेपणावर उभा आहे, तिथे याहून भयंकर बोलणं असूच शकत नाही. तुमच्या लेखाचा कणा हाच ठेवा, असं मी म्हणेन. फेथॉनसाठी बहिणी रडून रडून झाडं होतात; स्नाविधकासाठी यश्तात एक अश्रू नाही, केरेसास्पाने मारलेल्यांच्या यादीत तो एक नाव.

आणि केरेसास्पालाही सोडू नका. यस्न ९ (अवेस्तातल्या पूजापाठाचा ९ वा अध्याय) त्याला तरुण, कुरळ्या केसांचा, गदाधारी म्हणतं. हा भर दुपारी शिंगवाल्या विषारी सर्पाच्या पाठीवर भांडं ठेवून जेवण शिजवतो! चटका बसल्यावर सर्प उसळतो, उकळतं पाणी सांडतं आणि आपला वीर घाबरून मागे उडी मारतो. बेफिकीरपणात हा काही कमी नाही, पण याची गणना वीरांत, कारण तो योग्य बाजूचा आहे. मला तर एकट्या स्नाविधकापेक्षा स्नाविधक-केरेसास्प ही जोडी जास्त बोलकी वाटते.

एक जाताजाता: ओविडला ग्रीक म्हणून खपवू नका, तो रोमन कवी. फेथॉनची बहुतेकांना माहीत असलेली गोष्ट त्याच्याकडून आली आहे, तेव्हा लेखात तसं नोंदवा. आणि हनुमान-सूर्य मधे आणायचा मोह होईल, पण दोन परंपरांची तुलना आधी पुरी करा. ४३ वं कडवं एकटं वाचू नका, ३८ पासून सुरू करा म्हणजे यिमा या आद्य राजाचं गेलेलं तेज केरेसास्पाकडे कसं आलं ते कळेल. कुठे अडलं तर इथेच लिहा.