मुलांनी टाइप केलेली राशी थेट सिम्पिफायला देऊ नका

मुलं वेबपानावर बहुपदी टाइप करतात, ती स्ट्रिंग सिम्पायच्या (पायथनमधली बीजगणिताची लायब्ररी) सिम्पिफायला, म्हणजे मजकुराची राशी करून देणाऱ्या फंक्शनला, दिली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. सिम्पिफाय आतून इव्हॅल, म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवणारं फंक्शन, वापरतं, त्यामुळे राशीच्या जागी कोणी पायथनचा कोड लिहिला तर तोही तुमच्या सर्व्हरवर चालेल. बिल्ट-इन्स (पायथनची तयार फंक्शन्स) रिकामे केले की झालं, असं सांगणारे भेटतील. पण दुहेरी अंडरस्कोअरच्या ॲट्रिब्यूटवरून साध्या आकड्यापासूनही हव्या त्या क्लासपर्यंत पोचता येतं.

मी नाशिकला कॉलेज रोडवरच्या एका क्लाससाठी असंच सराव-पान बनवलंय. तिथे कोड कोणीच घुसवला नाही. एका मुलाने उत्सुकतेने ९**९**९ टाकलं, एवढंच. पायथनमध्ये ** ही घाताची खूण. म्हणजे ९ चा ३८,७४,२०,४८९ वा घात. त्यात अंकच ३६ कोटींहून जास्त. सर्व्हर लटकला, आणि दुसऱ्या दिवशी मुलांची चाचणी होती. फार वाईट वाटलं.

आता मी आधी लांबी तपासतो: २०० अक्षरांपुढे नाही. मग पायथनच्या एएसटी मॉड्यूलने फक्त पार्स करतो, म्हणजे राशीची रचना झाडासारखी मांडून घेतो, काहीही चालवत नाही. त्या झाडातला एकेक नोड (घटक) बघायचा: संख्या, बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार, घात, आणि आपण ठरवलेली चलं. यादीबाहेरचं काही दिसलं की तिथेच एरर. घातांक साधा पूर्णांक आणि २० पर्यंतच. पास झालेल्या नोडवरून सिम्पायची राशी आपणच रचायची. एवढं करूनही ती सोडवायचं काम वेगळ्या प्रोसेसमध्ये, वेळेची मर्यादा लावून करा, कारण कंस घालून घातावर घात चढवता येतोच.

मुलं घातासाठी ^ लिहितात. ते पार्स करण्याआधीच ** करून घ्या. नंतर नोड बदलू म्हणाल तर फसाल: पायथनमध्ये ^ ची पाळी बेरजेच्याही नंतर येते, म्हणून ३*क्ष^२+१ चं झाड (३*क्ष)^(२+१) असं बनतं. एरर येत नाही, उत्तर मात्र चुकतं, आणि मुलाला वाटतं आपलंच गणित चुकलं.

मराठी कीबोर्डवरचे अंकही आधी बदला. पायथन ‘२’ ला संख्या म्हणून वाचत नाही, पण नावात चालवून घेतं. ‘क्ष२’ हे त्याच्या लेखी एक नवं चल असतं. चलांची यादी ठेवली असेल तर ते तिथेच अडकतं.