प्रवास प्रश्नोत्तरे : ग्रीसमध्ये भाड्याची यॉट

प्रश्न : आम्ही तासगाव तालुक्यातील द्राक्षबागायतदार आहोत. पुढील वर्षी आम्हा दोघा भावांची जोडपी, दोन मुले आणि ७० वर्षांची आई अशा सात जणांनी ग्रीसमध्ये आठवडाभर यॉट भाड्याने घ्यावी, असा विचार आहे. परवाना कोणाकडेच नाही. आमची फळछाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर असते. एका मध्यस्थाने एजियन समुद्रातील सँटोरिनी बेटाच्या बाजूची चार केबिनची नौका सुचवून अर्धी रक्कम तातडीने मागितली आहे. ती भरावी का? — एक वाचक, तासगाव

उत्तर : आत्ता भरू नये. परवानाधारक आणि त्याच्या जोडीला नौकेची माहिती असलेला आणखी एक जण असल्याशिवाय ग्रीसमध्ये नुसती नौका ताब्यात देत नाहीत, म्हणून आपल्याला स्किपर, म्हणजे कप्तान, घ्यावाच लागेल. तो रात्रीही नौकेवरच राहतो. एक केबिन त्याला गेली की उरलेल्या तीन केबिनमध्ये सात माणसांची, तीही आईंसह, सोय होणार नाही. स्किपरसाठी वेगळी जागा असलेली किंवा पाच केबिनची कॅटामरान मागावी. जोडबुडाची असल्याने ती शिडाच्या साध्या नौकेसारखी एका अंगावर कलत नाही, आणि ज्येष्ठांना चढउतार करणेही सोपे जाते.

सँटोरिनीबाबत मात्र माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. त्या भागात उन्हाळ्यात मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा अनेक दिवस जोराने वाहतो, आणि सँटोरिनीच्या कड्यांखाली पाणी इतके खोल आहे की नांगर टाकायला जागा सापडणेच कठीण. त्याऐवजी पश्चिमेकडील आयोनियन समुद्र निवडावा. लेफकाडा, मेगानिसी, इथाका आणि केफालोनिया ही बेटे एकमेकांपासून काही तासांच्या अंतरावर आहेत, त्यामुळे रोज संध्याकाळी धक्क्याला लागून आईंना जमिनीवर फिरता येईल. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा घेतल्यास पाणी उबदार, गर्दी ऑगस्टपेक्षा कमी, आणि छाटणीपूर्वी बागेत परतायला पुरेसा अवधी हाताशी राहील. चार्टरचा, म्हणजे नौका भाड्याने घेण्याचा, आठवडा बहुधा शनिवार ते शनिवार असतो. नौका शनिवारी दुपारनंतर मिळते आणि शुक्रवारी संध्याकाळीच मूळ बंदरात आणावी लागते, हे विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

मध्यस्थाने सांगितलेली रक्कम बहुधा केवळ नौकेचे भाडे असते. स्किपरचा रोजचा मेहनताना व जेवण, इंधन, बंदराचे शुल्क, शेवटची साफसफाई आणि अनामत रक्कम यांचा तपशील लेखी मागवावा. अनामत हजारो युरोंची असते आणि ती बहुतेकदा क्रेडिट कार्डावर रोखून ठेवतात, तेव्हा परदेशी व्यवहाराची मर्यादा बँकेत आधीच वाढवून घ्यावी. निम्मी रक्कम आरक्षणाच्या वेळी आणि उरलेली प्रवासाआधी काही आठवडे, हा रिवाज आहे खरा. परंतु नौकेचे नाव, बांधणीचे वर्ष, मालक कंपनी आणि रद्द केल्यास परतावा किती, हे करारात वाचल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये. घाई करणाऱ्याला करार मागितला की तो खरा किती, हे लगेच कळते.

ग्रीससह युरोपातील बहुतेक देशांसाठी एकच असलेल्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर आयोनियन समुद्रातील कॉर्फू बेटासमोरच्या अल्बानिया देशात जाण्याचा मोह टाळावा, कारण अल्बानिया शेंगेनमध्ये नाही आणि परत ग्रीसमध्ये प्रवेश मिळणार नाही.

स्वयंपाकाचे थोडे सांगतो. नौकेवर गॅसची शेगडी व छोटा फ्रीज असतो, पण नांगरलेल्या नौकेवर जनरेटर किंवा मोठा इन्व्हर्टर नसेल, तर मिक्सर चालणार नाही. शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला घरूनच न्यावा. दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, त्यामुळे साताऱ्याचे कंदी पेढे आणि साजूक तूप सामानात घेऊ नये.

प्रश्न : मला घाटात बस लागते. नौकेवर झेपेल का? — एक वाचक, मिरज

उत्तर : मोठ्या खर्चापूर्वी मुंबईत गेटवे ऑफ इंडियाजवळून दोन तासांसाठी शिडाची नौका भाड्याने घेऊन पाहावी, पावसाळा सोडून ती मिळते. बोट लागलीच, तर खाली केबिनमध्ये न जाता वर उघड्यावर, नौकेच्या मध्याजवळ बसून क्षितिजाकडे पाहत राहावे. गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वीच घ्यावी; मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.