टाकीच्या तळाशी खडी की ओढ्याची वाळू?

प्रश्न : माझ्या दोन फुटी टाकीत निळी खडी असून तिच्याखाली हवेच्या पंपावर चालणारी फिल्टरची जाळी आहे. टाकीत सहा कोरिडोरास मासे आहेत. शहापूरजवळच्या ओढ्यातून वाळू आणि गोटे आणले आहेत. खडीऐवजी ते वापरावेत का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपल्या माशांसाठी वाळूच योग्य आहे. कोरिडोरास तोंडात वाळू घेतात, तिच्यातले खाद्य निवडतात आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतात. हे त्यांना खडीत करताच येत नाही. शिवाय खडीच्या धारदार कडांनी त्यांच्या मिशा झिजू शकतात, आणि फटींत अडकलेले खाद्य तिथेच कुजते.

मात्र जाळीवर वाळू घालू नये, कारण ती भोकांतून खाली उतरून जाळी तुंबवते. जाळीऐवजी स्पंज फिल्टर घ्यावा आणि तो खडी काढण्यापूर्वी चार-पाच आठवडे याच टाकीत चालवावा. माशांच्या विष्ठेतून व कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू आज आपल्या खडीवर वसलेले आहेत. ते स्पंजावर रुजण्याआधीच खडी काढली, तर मासे दगावण्याची भीती असते. ही घाई अनेकांकडून होते, म्हणून हे मुद्दाम सांगत आहे.

आपल्या भागातला काळा बेसाल्ट सहसा पाण्याचा गुणधर्म बदलत नाही, परंतु त्याच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरे स्फटिक असतात. त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावे. बुडबुडे आले, तर तो चुनखडीचा अंश आहे असे समजून तो गोटा बाजूला ठेवावा, कारण त्याने पाणी हळूहळू जड, म्हणजे क्षारयुक्त, होत जाते. वाळूतले शंखही याच कारणासाठी वेचून काढावेत. किनाऱ्यावरची वाळू शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे आणि मिठामुळे अजिबात वापरू नये.

वाळू बादलीत हाताने ढवळून, वरचे पाणी नितळ दिसेपर्यंत धुवावी. साबण लावू नये. गोटे चुलीवर उकळू नयेत, कारण आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात. ब्रशने घासून त्यांवर उकळते पाणी ओतणे पुरेसे आहे. चार सेंटिमीटरच्या थराला, टाकी एक फूट रुंद असल्यास, साधारण अकरा किलो वाळू लागेल. थर याहून जाड झाला, तर वाळू घट्ट बसते, तळाशी प्राणवायू पोहोचत नाही आणि कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा बोटाने ती वरवर हलवावी.

गोटे कमी पडले, तरी ओढ्यातले आणखी गोटे उचलू नयेत, ही विनंती. त्यांच्याखाली कीटकांच्या अळ्या राहतात आणि ओढ्यातले अनेक मासे त्यांवर जगतात.