घरच्या घरी गाडीचा पिकअप वाढवायला आणि इंजिन थंड ठेवायला काय बदल करावेत? थर्मोस्टॅट काढून टाकू का?

तुम्ही लिहिलंय की दहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर जातो, पाय दिला तरी गाडी उशिरा उठते, पंधरा हजारापर्यंत खर्चाची तयारी आहे, तर कोन फिल्टर (शंकूसारखा उघडा एअर फिल्टर), थ्रॉटल कंट्रोलर आणि मोठा फॅन लावू का, आणि मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू, तर काढू का. बाकीचं नंतर बोलू पण शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलोय.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं पाणी ठरावीक गरम झालं की रेडिएटरकडे जायची वाट उघडणारी झडप, काढू नका. कोणीही सांगितलं तरी काढू नका. माझ्या वडिलांच्या गाडीत तो काढला होता, आणि त्या एका गोष्टीपायी ती गाडी भंगारात जायची वेळ आली होती.

बाबांनी २००२ मध्ये मारुती झेन घेतली, एमएच ०४ ची, नवी कोरी. बाबा वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला होते, मशीनशी कसं वागायचं ते त्यांना शिकवावं लागत नव्हतं. दर टाकी फुल केली की वहीत तारीख, किलोमीटर, लिटर आणि अ‍ॅव्हरेज लिहायचे. २००९ ला बाबा गेले, गाडी आणि वही माझ्याकडे आली, आणि मी पण लिहीत राहिलो. २०११ च्या मे महिन्यात दाजींनी (मोठ्या ताईचे मिस्टर, कोपरखैरण्याला असतात) गाडी गावी न्यायला मागितली. दिली. खंडाळ्याच्या घाटात गाडी तापली, कारण फॅनची मोटर जळाली होती. रस्त्यावरच्या मेकॅनिकने मोटर बदलली, फॅन डायरेक्ट केला म्हणजे चावी फिरवली की फॅन चालू, आणि जाता जाता थर्मोस्टॅट काढून दाजींच्या हातात ठेवला की साहेब हा थंड देशातल्या लोकांसाठी असतो, आपल्याकडे काय बर्फ पडतो का. दाजींना ते इतकं पटलं की गाडी परत देताना तो पार्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला दिला आणि म्हणाले आता ही गाडी जन्मात तापणार नाही. मी म्हटलं दाजी, कंपनीने लावलाय तर काहीतरी कारण असेल ना. तर म्हणाले तू पुस्तकं वाच, आम्ही गाड्या चालवतो.

हे वाक्य मी विसरलेलो नाही.

त्यानंतर काय झालं ते नीट वाचा कारण तुमचे दोन्ही प्रश्न इथे एकत्र येतात. काटा खालीच चिकटून राहायला लागला, कळवा ते ठाणे स्टेशन एवढ्यात इंजिन धड गरमच होत नव्हतं. तुम्हाला वाटेल थंड आहे तर बरंच आहे. नाही. एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) सेन्सर सांगतो की इंजिन अजून थंड आहे, मग ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो, जसं सकाळी पहिल्या स्टार्टला सोडतो तसं, आणि ते दिवसभर चालू राहतं. प्लग काढून बघितले तर काजळी धरलेली. सायलेन्सरला पेट्रोलचा वास. दुसऱ्या गियरमध्ये पाय दिला की गाडी एक क्षण गुदमरल्यासारखी करायची आणि मग उठायची. वहीत आधीचं अ‍ॅव्हरेज १५.८ होतं, तीन टाक्यांत १२.४ वर आलं. म्हणजे गाडी उशिरा उठते असं तुम्ही म्हणताय तो लॅग इंजिन थंड राहिल्यानेही येतो, त्यासाठी कंट्रोलर लावून काय होणार?

पुढे २०१२ च्या जुलैमध्ये विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलेलं, गाड्या अडकलेल्या, मी अर्धा तास एका जागी, आणि तीच जन्मात न तापणारी गाडी तापली. काटा लाल पट्टीच्या तोंडाशी. कशीबशी बाजूला घेतली, थंड केली, ऐरोलीच्या मोकळ्या रस्त्याला लागलो तर काटा परत तळाला. दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या एका गॅरेजला दाखवली. त्यांनी ऑइलचं झाकण काढलं, आतून सायीसारखा पांढरट थर होता, तो बोटावर घेऊन मला दाखवला की बघा ऑइलमध्ये पाणी आलंय, हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधलं सील) गेलं, हेड उतरवावं लागेल, बावीस हजार. गाडीची किंमत तेव्हा किती होती सांगा. एकाने तर भंगाराचा भाव पण सांगून टाकला.

मी घरी आलो आणि बाबांसारखा विचार करायचा ठरवलं. ऑइलची पट्टी काढली, ऑइल स्वच्छ. हेड गॅस्केट जाऊन ऑइलमध्ये पाणी आलं असतं तर पट्टीवर पण दुधाळ दिसलं असतं. गाडी पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू केलं, बुडबुडे सारखे येत राहतात का बघितलं, नाही. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, नाही. मग झाकणाखालची साय कुठली? इंजिन कधी पुरतं गरमच होत नव्हतं, त्यात पावसाळा आणि तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या, आतला दमटपणा उडून जायला हवा तो तिथेच साचून ऑइलच्या वाफेत मिसळत होता. थर्मोस्टॅट नसल्याचं लक्षण होतं ते, आणि त्याच लक्षणावर मला बावीस हजाराचं काम सांगितलं होतं.

पण मग उभ्या गाडीत तापते का? इथे एक गोष्ट पाठ करून ठेवा. हळू किंवा उभी असताना तापते आणि वेगात थंड होते, तर दोष हवेत शोधा, म्हणजे फॅन आणि जाळी. फॅन नीट असूनही वेगात किंवा घाटात तापते तर पाण्यात शोधा, म्हणजे आतून तुंबलेला रेडिएटर, वॉटर पंप, कमी झालेलं कूलंट. माझी उभी असताना तापत होती. फॅन तर फिरताना दिसत होता, सगळे म्हणत होते फॅन ओके आहे. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेपरचं एक पान घेऊन ग्रिलसमोर धरलं. फॅन रेडिएटरच्या मागे असतो, तो हवा आत ओढतो, पान जाळीला चिकटायला पाहिजे. माझ्या हातातलं पान बाहेर उडालं.

फॅन उलटा फिरत होता. घाटातल्या त्या मेकॅनिकने मोटर बदलताना कपलर (वायरींचा जोडणीचा प्लग) कापून दोन वायरी टेप मारून जोडल्या होत्या, आणि उलट्या जोडल्या होत्या. डीसी मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते, एवढं साधं. वर्षभर तो फॅन इंजिनची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होता. वेगात समोरची हवा त्याच्यावर मात करायची म्हणून पाम बीच रोडला काही कळायचं नाही, आणि विटाव्यात उभं राहिलं की मेलो. वायरी सुलट केल्या, पान जाळीला फट्कन चिकटलं, आणि मी तिथे पार्किंगमध्ये एकटाच उभा राहून बाबांची आठवण काढली. बावीस हजाराचं काम दोन वायरी आणि एका पेपरच्या पानात निघालं.

पुढचे दोन रविवार मी बाकीचं केलं आणि तुमच्या पंधरा हजारातले पहिले पैसे तुम्ही पण इथेच घाला. एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये एक बोटभर फट असते, तिच्यात धूळ, पानं, किडे यांची गोधडी तयार होते जी समोरून दिसतच नाही. कंडेन्सरचे बोल्ट ढिले करून तो जरासा पुढे घ्या, पाइप ओढायचे नाहीत नाहीतर गॅस जाईल, आणि इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने साध्या पाइपाने हळू पाणी मारा. प्रेशर वॉशर अजिबात नाही, फिन्स (जाळीच्या पातळ पत्र्या) झोपतात. रेडिएटरमध्ये आमच्याकडे बोअरचं पाणी टॉप-अप होत आलेलं, त्याचा क्षार आत धरतो, ते सगळं काढून फ्लश करून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं भरलं. आणि झाकण बदला. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढा दाब ते धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी शंभराला न उकळता एकशे वीसच्या आसपास उकळतं. रबर गेलं की तो दाब गेला. सगळ्यात स्वस्त पार्ट आहे आणि सगळ्यात शेवटी बघितला जातो.

नवीन थर्मोस्टॅट आणला तो आधी घरी तपासला. पातेल्यात पाणी, त्यात तो दोऱ्याने लटकवलेला, बाजूला थर्मामीटर (तापाचा नाही, लॅबचा). त्याच्यावर ८२ कोरलेलं होतं, बरोबर त्या आसपास हळूहळू तोंड उघडायला लागला. आईला पण बोलावून दाखवलं. बसवताना बऱ्याच थर्मोस्टॅटना एक घुंगरासारखी छोटी पिन असते ती वरच्या बाजूला ठेवायची, भरताना हवा तिथून निघते. ती हवा अडकली तर एअर लॉक होतो आणि सगळं करून गाडी परत तापते, म्हणून भरताना गाडीचं तोंड चढाला ठेवा, हीटर फुल गरमवर, वरचा होज गरम होऊन बुडबुडे थांबेपर्यंत. फॅन पण डायरेक्टवरून काढून परत तापमानाच्या स्विचवर आणला.

आणि दाजींचा बर्फाचा मुद्दा. थर्मोस्टॅटचं काम इंजिनला एका तापमानावर ठेवणं आहे, मुंबई असो नाहीतर मनाली. वरून काही इंजिनांत त्याच्या खाली दुसरी चकती असते, इंजिन गरम झालं की ती बायपासची वाट बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरला पाठवते. अशा इंजिनात तो काढला की थोडं पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहतं, म्हणजे ज्या गरमीसाठी काढला त्याच गरमीत गाडी जास्त तापते.

आता पिकअप. आधी पायाखालचं मॅट बघा, मी गंमत करत नाहीये, जाड मॅटमुळे पेडल पूर्ण दाबलंच जात नाही अशा गाड्या मी स्वतः बघितल्यात. केबलवाली गाडी असेल तर इंजिन बंद ठेवून कोणालातरी पूर्ण पाय द्यायला सांगा आणि थ्रॉटल बॉडीतली (इंजिनला हवा सोडणारी) झडप पूर्ण उघडते का बघा, केबलमधला फालतू ढिलेपणा काढा, पण अगदी ताणू नका, आयडल (पाय न देता इंजिन फिरतं तो वेग) चढेल. थ्रॉटल बॉडीचा कार्बन त्याच्याच क्लीनरने आणि कापडाने पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर झडप बोटाने ढकलायची नाही, आणि साफ केल्यावर आयडल वरखाली झाली तर स्कॅनरवाल्याकडून रीलर्न (ईसीयूला झडपेची जागा नव्याने शिकवणं) करून घ्या. एअर फिल्टर, प्लग, तडकलेला व्हॅक्यूम होज, फाटलेलं इंजिन माउंटिंग, झिजलेला क्लच. याच्यात ऐंशी टक्के लोकांचा लॅग जातो असं माझं मत आहे.

थ्रॉटल कंट्रोलर फक्त पेडलचा सिग्नल वाढवून सांगतो. तुम्ही तीस टक्के पाय दिलात तर तो ईसीयूला पन्नास सांगणार. तेच तुम्ही पाय जास्त देऊन फुकटात करू शकता, ताकद एका दाण्याने वाढत नाही. कोन फिल्टरने आवाज येतो. कंपनीचा एअर बॉक्स बहुतेक गाड्यांत फेंडरकडून किंवा पुढून थंड हवा घेतो, तुम्ही तो काढून बॉनेटखाली उघडा कोन लावला की ट्रॅफिकमध्ये तो इंजिनची गरम हवा पिणार, आणि गरम हवेत ऑक्सिजन कमी. घोडबंदरला तर विचारूच नका. तेल लावायचा फिल्टर असेल तर जास्तीचं तेल एमएएफ सेन्सरवर (आत येणारी हवा मोजणाऱ्या) बसतं ते वेगळंच. काहीजण थ्रॉटल बॉडीतून जाणारी कूलंटची नळी बायपास करतात. ती मात्र खरंच थंड हवामानासाठी असते, एवढं दाजींचं बरोबर, पण हवा तिथून इतक्या झटकन जाते की फायदा हाताला लागत नाही, आणि काही गाड्यांत त्याच पाण्यावर फास्ट आयडलचा वॉल्व्ह चालतो, मग आयडल चढलेलीच राहते.

राहून गेलं ते सांगतो. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, दाबाखालचं पाणी तोंडावर येतं. इलेक्ट्रिक फॅनच्या जवळ हात घालायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, चावी बंद असताना पण काही गाड्यांचा फॅन सुरू होतो. कूलंट कुत्र्या-मांजरांना विषारी आहे आणि चवीला गोड, पार्किंगमध्ये सांडू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, मूळ रचनेत बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच सांगितलं, तेव्हा इन्शुरन्स क्लेमच्या वेळी कोन फिल्टर आणि कापलेल्या वायरी भोवू शकतात. आणि माझा सगळा अनुभव झेनचा आहे, तुमच्या गाडीचे आकडे तुमच्या मॅन्युअलमधून घ्या.

थर्मोस्टॅट परत बसवल्यावर पहिल्या टाकीला १५.२ आलं, तिसऱ्या टाकीला १५.६. ताईला या उत्तराची लिंक पाठवतोय. दाजी, वही आईच्या कपाटात वरच्या फळीवर आहे, भाऊबीजेला आलात की २०११ आणि २०१२ ची पानं शेजारी शेजारी ठेवून बघा.