‘ध’ तुझाच आहे

सांगली,
दसऱ्यानंतरचा रविवार

चि. राघोबास,
अनेक आशीर्वाद.

तालमी संपेपर्यंत मी तुला याच नावाने हाक मारणार आहे, सवय करून घे. परवा रात्री फोनवर तू विचारलंस, "सर, राघोबा नायक की खलनायक? एकदा काय ते ठरलं की मी काम बसवतो." तेव्हा मी उत्तर दिलं नाही. असल्या प्रश्नाला फोनवर उत्तर दिलं की त्याचं एक वाक्य होऊन बसतं, आणि नट एकच वाक्य घेऊन रंगमंचावर गेला की त्याचं काम पहिल्या अंकातच संपतं. उरलेले अंक तो तेच वाक्य वेगवेगळ्या आवाजात म्हणत राहतो. म्हणून हे पत्र. सावकाश वाच, आणि वाचताना संहिता बाजूला ठेव.

तू ज्या गावात ‘भाऊबंदकी’ हे नाटक करतो आहेस ते आधी लक्षात घे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथेच, आणि ‘भाऊबंदकी’ लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८७२ मध्ये जन्मले तेही इथेच. भावे नाट्यमंदिरात पहिल्या रांगेत बसणारे म्हातारे तुझं नाटक तुझ्यापेक्षा जास्त वेळा बघून आलेले असतील. त्यांना घाबरू नकोस, पण त्यांना उसना राघोबाही देऊ नकोस. डोळे गरागरा फिरवणारा, मिशीला पीळ देणारा, बायकोने हूं म्हटलं की उठणारा राघोबा त्यांनी पुष्कळ पाहिला आहे.

पहिली गोष्ट वयाची. तालमीत तू पाठीत वाकून चालतोस, आवाज घोगरा करतोस. कशासाठी? राघोबा म्हणजे रघुनाथराव पेशवे, त्यांचा जन्म १७३४ चा. नारायणरावांचा खून झाला तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. पुतण्या अठराचा, काका एकोणचाळिशीचा. हातात अजून जोर आहे, घोड्यावर मांड पक्की आहे आणि करायला काही नाही. शनिवारवाड्यात कोंडलेला हा धडधाकट माणूस आहे. खोकणारा म्हातारा केलास तर लोकांना त्याची दया येईल आणि तुझं अर्धं काम फुकट जाईल. भीती वाटली पाहिजे ती त्याच्या अंगातल्या बिनकामाच्या ताकदीची.

आता त्याच्या जागी बसून मागे बघ. १७५८ मध्ये लाहोर घेतलं, मराठी फौज अटकेपर्यंत गेली. तेव्हा तो चोवीस वर्षांचाही नव्हता. राघोभरारी म्हणून नाव झालं. पण मोहिमेतून कीर्तीबरोबर कर्जही आलं, त्यावरून घरात बोलणं झालं, आणि पुढच्या स्वारीचं सेनापतिपद सदाशिवरावभाऊंकडे गेलं. पानिपतावर राघोबा नव्हता. ही गोष्ट नटाने उशाशी घेऊन झोपावी अशी आहे. एवढा मोठा संहार झाला, घरातले गेले, आणि आपण तिथे नव्हतो. आपण असतो तर? हा प्रश्न त्याने कुणाला विचारला असेल नसेल, इतिहासात लिहिलेलं नाही. नटाने मात्र तो रोज विचारायचा.

मग १७६१ मध्ये नानासाहेब गेले आणि गादीवर सोळा वर्षांचा माधवराव आला. पुढची बारा वर्षं या माणसाला एकच गोष्ट डाचत राहिली. १७६२ मध्ये आळेगावला पुतण्या स्वतःहून काकाच्या स्वाधीन झाला. काका जिंकला आणि लगेच आपल्या मिरजेवर चालून आला, कारण मिरजेचे गोपाळराव पटवर्धन पुतण्याच्या बाजूचे. राज्य हातात आलं तेव्हा सुचलं काय, तर जुनी उट्टी काढणं. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला बाजी फिरली ती पुतण्याच्या कर्तबगारीने. १७६८ मध्ये धोडपला काका हरला आणि कैदेत पडला. १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला माधवराव गेले, ते जाताना नारायणरावाला याच काकाच्या हाती सोपवून गेले. आणि पाचच महिन्यांत नारायणरावाने काकाला पुन्हा नजरकैदेत टाकलं.

हे सगळं तुला पाठ असेल. मला सांगायचंय ते असं की याला "सत्तेची हाव" म्हणू नकोस. हाव हा शब्द बाहेरून बघणाऱ्याचा. आतल्या माणसाला वाटत असतं की माझं होतं ते मला मिळालं नाही. खोटं बोलणारा माणूस रंगवायला सोपा असतो. स्वतःचं खरं आहे अशी खात्री असलेला माणूस अवघड. राघोबाची तक्रार अगदीच खोटी नाही, म्हणून तर हे नाटक शोकांतिका होतं. नाहीतर ती नुसती एका खुनाची हकिकत झाली असती.

आता राघोबाची बायको, आनंदीबाई. गारद्यांना, म्हणजे भाडोत्री शिपायांना, दिलेल्या हुकमात ‘ध’ चा ‘मा’ झाला, ‘धरावे’ चं ‘मारावे’ झालं, हे आपल्याकडे पोरालाही माहीत असतं. लोकांनी तो एका अक्षराचा दोष बाईंच्या पदरात टाकला आणि आपण त्याची म्हण केली. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यावर बरंच लिहिलं आहे, ते वादही वाच. पण तू नट आहेस, तुझं लक्ष दुसऱ्या अक्षरावर हवं. ‘मा’ कुणाचाही असो, ‘ध’ तुझा आहे.

हे वाक्य वहीत लिहून ठेव. राघोबाने न्यायाधीश रामशास्त्र्यांपुढे कबूल केलं ते एवढंच की मी धरायला सांगितलं होतं, मारायला नाही. ग्रँट डफ सुरुवातीच्या इंग्रजी अमलात साताऱ्यात होता, त्याने आपल्या इतिहासात हा कबुलीजबाब दिला आहे. वाचताना वाटतं की हा बचाव आहे. नीट बघ. पगार थकलेले गारदी, हातात नंग्या तलवारी, आणि त्यांना सख्खा पुतण्या, चालता पेशवा "धरायला" सांगणं. धरायला सांगताना राघोबाला पुढचं दिसत नव्हतं का? माझं मत असं, की त्याने बघायचं टाळलं. सगळं नाटक त्या न बघण्यात आहे. सही करताना तुझी मान किंचित वळू दे. कागदाकडे बघू नकोस. बाईंवर भार टाकून मोकळा झालास तर तुला करायला काहीच उरत नाही.

मॅकबेथची सावली या नाटकावर आहे असं समीक्षक म्हणत आले, ते खरं आहे. खाडिलकरांच्या पिढीने शेक्सपिअर जीव लावून वाचला होता. पण फरक लक्षात ठेव. मॅकबेथ स्वतः खंजीर घेऊन जातो. आपण काय करतो आहोत ते त्याला पावलोपावली कळतं आणि तरी तो जातो. राघोबा खोलीतून हलत नाही. खून चालून त्याच्याकडे येतो. मॅकबेथचा नट जाणिवेने काम करतो, तुला चुकवलेल्या नजरेने करायचंय. म्हणून मॅकबेथच्या चित्रफिती बघून हातवारे उचलू नकोस.

आता त्या प्रसंगाकडे येतो, कारण खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो.

३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद, गणपतीचे दिवस. गारदी वाड्यात घुसले. नारायणराव धावत काकाच्या दालनात आला आणि त्याने काकाला मिठी मारली. "काका, मला वाचवा." इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं कमी लोक सांगतात. राघोबाने गारद्यांतल्या सुमेरसिंगाला सांगून पाहिलं, सोड त्याला. सुमेरसिंगाने उलट बजावलं, इतकं पुढे आल्यावर मी स्वतःचा जीव घालवू का, बाजूला व्हा, नाहीतर तुम्हीही मराल. आणि राघोबाने मिठी सोडवली. त्याच वेळी चाफाजी टिळेकर नावाचा एक चाकर, हातात शस्त्र नाही, धावत आला आणि धन्याच्या अंगावर पडला. दोघांनाही तिथेच कापलं.

मी सतरा वर्षांचा असताना नारायणराव केला होता. मिरजेजवळच्या एका गावात, जत्रेत, कनातीत. राघोबाचं काम करणारे गृहस्थ दिवसा हळदीच्या अडतीवर वह्या लिहायचे. चार प्रयोगांत ते मला नुसते ढकलून द्यायचे, मी पडायचो, टाळी यायची. पाचव्या प्रयोगाला त्यांनी ढकललं नाही. माझ्या पाठीवर त्यांचे दोन्ही पंजे घट्ट होते. सुमेरसिंग बोलला आणि एक बोट सुटलं. मग दुसरं. मग उजवा तळवा. प्रेक्षकांना ते दिसत नव्हतं, माझी पाठ त्यांच्याकडे नव्हती. मला मात्र प्रत्येक बोट कळत होतं. मी तेव्हा जे ओरडलो तो अभिनय नव्हता. आणि लगेच वरून चाफाजीचं काम करणारा पोरगा कोसळला. तो आमचं सामान सांभाळायचा, त्याला एकही वाक्य नव्हतं. त्याचं सगळं वजन माझ्या अंगावर आलं, आणि खरं सांगतो, त्या वजनाखाली मला सुरक्षित वाटलं. पन्नास वर्षं झाली. ती दोन माणसं माझ्या अंगाला अजून आठवतात, एक सुटत गेलेली आणि एक पडलेली.

तू विचारलंस, नायक कोण. अटकेपर्यंत घोडा नेणारा माणूस एका मिठीत टिकला नाही, आणि इतिहासात ज्याच्या नावाला दुसरी ओळ नाही असा चाकर टिकला. राघोबा भित्रा होता म्हणू नकोस. रणात तो भित्रा नव्हताच. पण रणातलं धाडस त्याला जमत होतं, कारण तिथे लोक बघत असतात आणि जिंकलं तर नाव होतं. त्या दालनात मरून नाव होणार नव्हतं, फक्त पोर वाचलं असतं किंवा दोघे गेले असते. असल्या धाडसाची त्याला सवय नव्हती. हे समजून घेऊन हात सोड. एकेक बोट. घाई करू नकोस.

मग शास्त्रीबुवांचा प्रवेश. रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे, आणि राघोबाचा जन्मही माहुलीचाच सांगतात. म्हणजे समोर उभा आहे तो नुसता न्यायाधीश नाही, गावचा माणूस आहे. मला वाटतं राघोबाला त्यांच्याकडून निर्दोष सुटका नको आहे. त्याला हवंय की या एका माणसाने म्हणावं, तुम्ही धरायलाच सांगितलं होतं ना, मग ठीक आहे. प्रायश्चित्त विचारताना त्याच्या मनात दानं, अनुष्ठानं, ब्राह्मणभोजनं आहेत. उत्तर येतं देहान्त. त्या शब्दावर चिडू नकोस, सगळे चिडतात. थोडा वेळ तुला तो शब्द कळलाच नाही असा उभा राहा.

शास्त्र्यांचं काम करणाऱ्यालाही माझा निरोप दे: आवाज चढवू नकोस. तो माणूस पुतळा नाही. तुम्ही कारभारात आहात तोवर पुण्यात पाऊल ठेवणार नाही म्हणून तो निघाला आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिला. अधिकार गेला, घर चालवायचं होतं. १७७७ मध्ये नाना फडणीसांनी बोलावल्यावर परत आला, पण निघताना कुणी बोलावेल हे त्याला माहीत नव्हतं. चाफाजीने क्षणात केलं ते याने वर्षानुवर्षं केलं. तुझ्या नाटकात ही दोन माणसं एकमेकांना भेटत नाहीत, पण तुझ्या राघोबाने दोघांनाही पाहिलेलं असतं. शेवटच्या अंकात ते तुझ्या डोळ्यांत असू दे.

खाडिलकरांनी हे १९०९ मध्ये लिहिलं. टिळक मंडालेच्या तुरुंगात होते, १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटलेली. आणि खुनानंतर १७७५ मध्ये याच राघोबाने इंग्रजांशी तह केला होता, तोही सुरतेचा तह. घर फुटलं की बाहेरचा आत येतो, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागलं नसेल. तुलाही संवादांतून ते ठसवायची गरज नाही. तू फक्त घर फुटताना दाखव.

एक काम सांगतो. रविवारी पहाटेची एसटी धर आणि साताऱ्याला जा. तिथून माहुली जवळच आहे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर घाटाच्या पायऱ्यांवर तासभर बस, विश्वेश्वराच्या देवळात जा. संवाद म्हणू नकोस, फोन बंद ठेव. वाईहून, माहुलीहून येणारं तेच पाणी इथे आयर्विन पुलाखालून जातं. परत आलास की पुलावर थोडा थांब.

बुधवारी मी तालमीला येतो. चाफाजीला तुमच्या प्रयोगात जागा नसेल तर दिग्दर्शकाकडून मागून घे, माझं नाव सांग. वाक्य नको, नुसतं धावत येऊन अंगावर पडायचं. जरा अंगाने भरलेला मुलगा बघ. तो आणि तू अर्धा तास आधी या, नारायणरावालाही घेऊन या. धरायचं कसं ते त्याला शिकवतो, आणि सोडायचं कसं ते तुला.

तुझा,
सर