लॉसलेस संगीताची वर्गणी: दुप्पट की सातपट?

आपल्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण एका संगीत स्ट्रीमिंग सेवेची साधी वर्गणी भरता आणि तीत गाणी जास्तीत जास्त ३२० किलोबिट प्रतिसेकंद या दर्जाने मिळतात. त्याच सेवेची लॉसलेस, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातली माहिती न गमावता गाणी देणारी, वर्गणी दुप्पट आहे. ती घ्यायची तर सोबत डॅक (डिजिटल संगीताचे हेडफोनला चालणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणारे छोटे उपकरण) आणि तारेचे उत्तम हेडफोनही हवेत, असे मित्राचे म्हणणे आहे, आणि सध्याच्या पाच वर्षांच्या वर्गणीइतकी त्यांची किंमत आपण बारा ‘बिनव्याजी’ हप्त्यांत फेडू इच्छिता. आपले वय ४६ आहे. रोज दीड तास प्रवासात ब्लूटूथ इअरफोनवर आणि रात्री अर्धा तास घरी असे आपण संगीत ऐकता. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतका आकस्मिक निधी उभारायचा ठरवूनही तो चार महिन्यांवर अडला आहे, हे वाक्य आपण पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. मला मात्र तेच सर्वांत महत्त्वाचे वाटले.

रकमा आपण कळवल्या नाहीत, पण त्यावाचून हिशेब अडत नाही. सध्याच्या मासिक वर्गणीला एक भाग मानू. लॉसलेस वर्गणी झाली दोन भाग. उपकरणांची किंमत साठ भाग, म्हणजे वर्षभर दरमहा पाच भागांचा हप्ता. याचा अर्थ असा की, आपण ज्याला ‘दुप्पट वर्गणी’ म्हणता त्या निर्णयामुळे पहिल्या वर्षी संगीतावरचा मासिक खर्च एका भागावरून सात भागांवर जातो. वर्गणीची वाढ डोळ्यांना दिसते म्हणून आपण तिच्यावर विचार करत बसलात. खरा खर्च तिच्या पाठोपाठ येणाऱ्या वस्तूंचा आहे. शिवाय बिनव्याजी हप्त्यांत व्याज बहुधा दुसऱ्या नावाने वसूल होते: कधी रोखीवर मिळणारी सूट हप्त्यांवर मिळत नाही, कधी प्रक्रिया शुल्क लागते. हप्त्यांची बेरीज आणि रोख किंमत शेजारी शेजारी लिहून पाहा.

आता या पैशांतून कानापर्यंत काय पोहोचते ते पाहू. आपल्या रोजच्या दोन तासांपैकी दीड तास, म्हणजे तीन चतुर्थांश ऐकणे, ब्लूटूथवर होते. ब्लूटूथवरून आवाज पाठवताना फोन तो सर्वसाधारणपणे पुन्हा लघुरूप करतो. एसबीसी हे सर्वत्र चालणारे कोडेक (आवाज लघुरूप करण्याची पद्धत) सुमारे ३२८ किलोबिटपर्यंत जाते आणि एलडीएसी फार तर ९९० पर्यंत, आणि दोन्हींत माहिती गळते. अ‍ॅप्टएक्स लॉसलेससारखे अपवाद आहेत, पण त्यासाठी फोन आणि इअरफोन दोन्हीही त्या तंत्राचे लागतात. म्हणजे आपण लॉसलेसचे पैसे भरणार, सेवा लॉसलेस पाठवणार आणि शेवटच्या हातभर अंतरात ते लॉसलेस राहणार नाही. त्यात प्रवासातला गोंगाट आहेच. मित्राने सुचवलेला डॅक या दीड तासात खिशातून बाहेरही येणार नाही. सगळा वाढीव खर्च उरलेल्या अर्ध्या तासावर पडतो. ऐकण्याच्या तासागणिक हिशेब मांडला तर तो आपल्याला वाटतो त्याच्या चौपट निघेल.

त्या अर्ध्या तासात तरी फरक ऐकू येईल का? १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटचे, असे दोन वाहिन्यांत साठवलेले असतात. त्याचा दर १,४११ किलोबिट होतो. एफएलएसीसारखे लॉसलेस तंत्र तोच आवाज एकही बिट न गमावता साधारण निम्म्या जागेत बसवते. ३२० किलोबिटचे तंत्र मात्र काही माहिती कायमची टाकून देते. पण ती उगाच कुठलीही नसते, मोठ्या आवाजाच्या आड कानाला जे तसेही ऐकू येत नाही त्यावर आधी कात्री चालते. टाळ्यांचा कडकडाट किंवा झांजेचा एकाएकी पडणारा आघात अशा ठिकाणी हे तंत्र कधीकधी उघडे पडते. एरवी या दर्जाला फरक ओळखणे बहुतेकांना जमत नाही. सीडीच्याही वरच्या, २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला १,९२,००० नमुन्यांच्या) दर्जाबद्दल तर माझे मत अधिक कठोर आहे. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत श्रोत्यांना उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरवलेले यांतला फरक ओळखायला सांगितले होते. ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही जवळपास तेवढीच आली असती. माणसाची ऐकण्याची वरची मर्यादा तरुणपणी सुमारे २० किलोहर्ट्झ असते आणि वयाबरोबर खाली येते. आपण आणि मी, दोघांनीही हे मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

तरी माझ्या म्हणण्यावर विसंबू नका. स्वतःच्या कानांची परीक्षा घ्या. लॉसलेसचा विनामूल्य चाचणी-काळ मिळत असेल तर तो घ्या, नाहीतर एकच महिना पैसे भरा. मित्राकडून त्याचा डॅक आणि हेडफोन एका संध्याकाळपुरते मागून आणा. आवाजाची पातळी दोन्हीकडे अगदी सारखी ठेवा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘अधिक चांगला’ वाटतो. आपल्याला दिसणार नाही अशा रीतीने घरातल्या कोणालातरी दर्जा बदलायला सांगा आणि सोळा वेळा उत्तर द्या. सोळापैकी किमान बारा उत्तरे बरोबर आली तर ते केवळ योगायोगाने घडण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास असते. दोन वेगवेगळ्या सेवांची तुलना मात्र करू नका. तिथे मूळ मुद्रणाची आवृत्तीच निराळी असू शकते.

त्याआधी सेवेची सेटिंग्ज उघडा. पुष्कळ अ‍ॅप दर्जा ‘स्वयंचलित’ ठेवतात आणि नेट मंद असले की गुपचूप खाली उतरतात. स्पॉटिफायमध्ये ‘नॉर्मल’ म्हणजे सुमारे ९६ किलोबिट, आणि ९६ ते ३२० हा फरक ३२० ते लॉसलेसच्या फरकापेक्षा कानाला कितीतरी लवकर कळतो. आपल्याला जाणवणारी उणीव कदाचित इथली असेल आणि ती फुकटात दूर होईल. डेटाचाही विचार ठेवा: ३२० किलोबिटला तासाला १४४ मेगाबाइट लागतात, सीडी दर्जाच्या लॉसलेसला त्याच्या अडीचपटीच्या आसपास.

बाजाराचा कलही आपल्या घाईच्या विरुद्ध आहे. अ‍ॅपल म्युझिक आणि अ‍ॅमेझॉन म्युझिक यांनी २०२१ मध्ये लॉसलेससाठी वेगळे पैसे घेणार नसल्याचे जाहीर केले, टायडलने २०२४ मध्ये आपली महागडी योजना साध्या योजनेत मिसळली आणि स्पॉटिफायने २०२५ मध्ये अनेक देशांत ते नेहमीच्या प्रीमियममध्येच दिले. ज्या गोष्टीचा जादा दर खाली येत चालला आहे तिच्यासाठी वर्षभराची वर्गणी एकरकमी भरू नये. आपल्याला लॉसलेस हवेच असेल तर सध्याच्या दरात ते देणारी सेवा आधी शोधा. कोणतीही वर्गणी हे भाडेच असते. डाउनलोड केलेली गाणीही वर्गणी थांबली की वाजत नाहीत.

माझा सल्ला असा: हप्त्यांवर काहीही घेऊ नका. वाढीव सहा भाग वर्षभर आकस्मिक निधीत टाका. त्याने दोन महिन्यांची तूट पूर्ण भरेल असे नाही, पण अडलेला निधी हलेल. तो पूर्ण झाला आणि चाचणीत आपली किमान बारा उत्तरे बरोबर आली, तर आधी तारेचे हेडफोन रोखीने घ्या, कारण आवाजात सर्वांत मोठा फरक त्यांनीच पडतो, आणि तो ३२० किलोबिटवरही पडतो. डॅक त्यानंतर, तोही फोनच्या किंवा संगणकाच्या स्वतःच्या आवाजात खरखर येत असेल तरच. लॉसलेसची वर्गणी शेवटी, महिन्यामहिन्याने. चाचणीत आठ-नऊच उत्तरे बरोबर आली, तर आकडा मला अवश्य कळवा. माझेही गेल्या खेपेला नऊच आले होते.